निखिलची मरीज थाळी

इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात मी दिसलो की पालक मला कोपऱ्यात घेतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "तुमच्याकडची ती हुशार पोरं खातात तरी काय?" जणू मी त्यांच्या ताटात रोज काहीतरी पेरायचो आणि सकाळी त्याला मेंदू फुटायचा. सुरुवातीला मी खरं सांगायचो. राजमा, भात, आणि मेस बंद झाली की मॅगी. पालकांचे चेहरे पडायचे. मग मी सांगायला लागलो की हिमाचलातून खास अक्रोड येतात, ते कोमट दुधात भिजवून पहाटे पोरांना देतो. त्या वर्षी अख्ख्या चंदीगडात अक्रोड मिळेनासे झाले. पटत नसेल तर आमच्या हिला विचारा. ती नाही म्हणेल, पण माझ्या प्रत्येक गोष्टीला ती नाहीच म्हणते.

मी मूळचा तासगावचा. हवाई दलात आयुष्यभर स्वयंपाकघरं सांभाळली. एका हाताने सॅल्यूट ठोकत दुसऱ्या हाताने स्क्वाड्रनभर अंडी फोडणारा माणूस हवाई दलात पुन्हा झाला नाही असं म्हणतात. म्हणजे मी म्हणतो. शेवटचं पोस्टिंग चंदीगडला होतं, इथेच घर केलं, आणि निवृत्तीनंतर एका संस्थेच्या हॉस्टेलची मेस सांभाळली. संस्थेचं नाव सांगत नाही. तिथे नंबर लागला की गावातल्या चौकात मुलाचा फ्लेक्स लागतो आणि त्या फ्लेक्सवर आमदार मुलापेक्षा मोठा दिसतो, एवढ्यावरून ओळखा.

मेस मॅनेजर म्हणजे आचाऱ्यांवर ओरडणारा माणूस असं लोकांना वाटतं. ओरडणं सोपं, ते मी झोपेतही करतो. अवघड काय, तर उद्या किती तोंडं येतील आणि काय मागतील याचा अंदाज. परीक्षा आली की भात जास्त लागतो, कारण पोरांना चावायला वेळ नसतो. निकाल लागला की दही जास्त लागतं. नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या की पोरं टाय लावून येतात आणि डाळीला हात लावत नाहीत. एका पठ्ठ्याने माझा फुलका गोल नाही हे गणिताने सिद्ध करून वॉर्डनकडे तक्रार केली होती. वॉर्डनही गणिताचेच. त्यांनी सिद्धतेतली चूक काढून तक्रार फेटाळली आणि फुलका जसा होता तसाच राहिला.

आणि ही पोरं तुमच्या डोक्यात आहेत तशी नसतात बरं का. तेल चोपडलेले केस, जाड भिंगं, काखेत पुस्तक, असलं काही नाही. प्रत्येकाकडे गिटार असते आणि वाजवता कोणालाच येत नाही. अभ्यास सगळेच करतात, पण आमच्या वेळी पोरं विडी ओढायची तसा, चोरून. परीक्षेच्या सकाळी नाश्त्याला एकेकाचे डोळे टोमॅटोसारखे लाल, आणि तोंडात एकच वाक्य, "कुछ नहीं पढ़ा यार." जो उघडउघड पुस्तक घेऊन बसतो त्याला म्हणतात मग्गू. घोकंपट्टीवाला. घोकंपट्टी करूनच आत आलेल्या त्या सगळ्या गावात ही सगळ्यात मोठी शिवी. आणि मग्गूशेजारी ताट घेऊन कोणी बसत नाही, त्याचा वारा लागेल म्हणून.

आता मरीज थाळीचं सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. पोरगं आजारी पडलं तर आम्ही त्याला मऊ खिचडी, दही आणि केळं खोलीवर द्यायचो. पण ते न्यायला आजाऱ्याने यायचं नाही, त्याच्या मित्राने यायचं. कारण पूर्वी जो तो आजारी पडून ताट खोलीवर न्यायचा आणि ताट पलंगाखाली जायचं. एकदा सुट्टीत खोल्या उघडल्या तेव्हा एका ताटात असं रान माजलं होतं की नेगी म्हणाला, आत बिबट्या असणार. नेगी म्हणजे आमचा मुख्य आचारी, गढवालचा, दिवसाला चार वाक्यं बोलणारा. तर तेव्हापासून मित्राची अट आली. नेणाऱ्याचं कार्ड मशीनला लावायचं, ताट परत आणायची जबाबदारी त्याची. आजारी कोण, हे मी नुसतं तोंडी विचारायचो. मशीनला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

ज्याला मित्रच नाही त्याने आजारी कसं पडायचं, हे नियम करताना कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

ओंकार काउंटरवर आला तो ऐन थंडीत. एकावर एक स्वेटर, वर मफलर, आत कुठेतरी मुलगा.

"अंकल जी, मरीज थाली. मेरे दोस्त को बुखार आया है."

हिंदी ऐकली आणि म्हटलं हे पार्सल आपल्याकडचं. "कुठला रे तू?"

"परभणी." मराठी ऐकून त्याचा चेहरा असा सुटला की मलाच बरं वाटलं.

"मित्राचं नाव काय?"

तो जरा थांबला. "निखिल."

कार्ड घेताना माझी बोटं त्याच्या हाताला लागली. तवा होता तो. नेगीने त्यावर फुलका फुगवून दाखवला असता.

"ताप निखिलला आणि हात तुझा भाजतोय?"

"त्याच्याजवळ बसलो होतो काका."

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात नेगीने मागून थाळी सरकवली. "दे दो साहब. दोस्त को ज़्यादा है." आणि वाटीत आणखी एक डाव दही घातलं.

ओंकारचा ताप आठवडाभरात उतरला, पण निखिल काही बरा होईना. त्याला टायफॉइड झाला. मग कावीळ झाली. मग पाय मुरगळला, आणि मुरगळलेल्या पायालाही खिचडीच लागायची. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात शिकणाऱ्या डॉक्टरांनी सगळ्या शिक्षणात जेवढे रोग पाहिले नसतील तेवढे निखिलने एका थंडीत अंगावर काढले. मी रोज कार्ड मशीनला लावायचो आणि थाळी द्यायचो.

कारण मला दिसत होतं. आमच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलं होती, आणि तिथे एकटा बसलेला मुलगा कोऱ्या भिंतीवरच्या खिळ्यासारखा लांबून दिसतो. आल्या आल्या काही दिवस ओंकार पुस्तक उघडून जेवायला बसला होता. त्यावरूनच त्याला मग्गू नाव पडलं. पान उलटताना मी त्याला एकदाही पाहिलं नाही. पुस्तक समोर असलं की माणूस एकटा दिसत नाही, कामात दिसतो, एवढाच त्याचा उपयोग. अभ्यासात तर तो गटांगळ्या खात होता.

"विषय राहिलेत काका," एकदा त्याने काउंटरवर केळ्याचं देठ खुडत सांगितलं. "इथं सगळे आपापल्या गावात पहिले आलेले. कुणाला विचारायची लाज वाटते."

"त्यात लाज कसली? विचारायचं."

"मग्गूनं कुणाला विचारायचं? मला सगळं येतं असं त्यांना वाटतं." मग जरा वेळाने म्हणाला, "बरोबर एखादा असता तर निघालं असतं हो वर्ष. नाही तर मी घरी जावं म्हणतो."

परभणीत त्याचा फ्लेक्स अजून उतरलेला नव्हता. एक माणूस. राजमा चावत शेजारी बसणारं एक माणूस हवं होतं त्याला, आणि त्या इमारतीत शेकड्यांनी माणसं होती. मी हवाई दलात वाळवंटात आइस्क्रीम पोचवलेला गडी. मला वाटलं, एक मित्र काय, आणू कुठूनतरी.

तोवर निखिलवर भागत होतं. मीही मुद्दाम विचारायचो, "निखिल काय म्हणतो?"

"काल लई हसवलं त्यानं. वॉर्डनसरांची नक्कल करतो." आणि ओंकार ती नक्कल करून दाखवायचा. गणिताचे सर चष्मा वर करून फुलक्याकडे बघतात, ती. नेगीसारखा माणूस पिठात हात ठेवून हसायचा.

"अभ्यासात कसा आहे?"

"माझ्यासारखाच. पण त्याला त्याचं काही वाटत नाही."

पाडव्याला मी ओंकारला घरी जेवायला नेलं. श्रीखंड-पुरीवर त्याने जो हात मारला तो पाहून आमची ही इतकी खूश झाली की तिने मलाही वाढलं. निघताना दारात चपला घालत तो म्हणाला, "काकू, निखिलसाठी एक डबा मिळेल?"

हिला मी सगळं सांगून ठेवलं होतं. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि डबा भरून घेऊन आली. "त्याला म्हणावं, पुढच्या वेळी बरोबर ये." थापा मारणं हा आमच्या घरात माझा प्रांत. त्या दिवशी तिने मला मागे टाकलं.

यानंतर आली अनन्या ढिल्लों. विद्यार्थ्यांच्या मेस कमिटीची सेक्रेटरी, इथलीच चंदीगडची मुलगी. बोलायला लागली की समोरचा श्वास घ्यायचं विसरायचा. मनाने मात्र लाख. कमिटीने ठरवलं होतं की हॉस्टेलात कोणी एकटं राहता कामा नये, आणि ही पोरं काहीही ठरवलं की आधी मोजायला बसतात.

"अंकल जी, मरीज थाली वाली मशीन का डेटा दे दो."

"काय करणार त्याचं?"

"जो सबसे ज़्यादा थाली ले गया, वो सबसे अच्छा दोस्त. सिंपल. हॉस्टेल डे पर ट्रॉफी देंगे, यारों का यार."

दुसऱ्या दिवशी ती आलेख घेऊनच आली. बाकी सगळ्या नावांच्या बुटक्या काड्या, आणि मध्ये ओंकारचा कुतुबमिनार. "देखा अंकल जी? जिसको सब मग्गू कहते हैं, सबसे बड़ा दिल उसका निकला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, शपथेवर सांगतो. एवढी खिचडी नेमकी कोणी खाल्ली, हे त्या निवडक डोक्यांपैकी एकानेही विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. मला वाटलं, ट्रॉफीच्या निमित्ताने तरी कोणी शेजारी बसेल.

हॉस्टेल डे हिरवळीवर, दुपार कलताना. मी आणि नेगी जिलेबीच्या कढईजवळ होतो. ओंकारचं नाव पुकारलं तेव्हा तो मागे वळून बघत होता, दुसरा कोणी ओंकार उठतो का म्हणून. शेवटी स्टेजवर गेला. टाळ्या झाल्या. अनन्याने माइक त्याच्यापुढे धरला. "बता यार, किसके लिए ले जाता था?"

"निखिल," तो म्हणाला. दुसरं नाव सुचलंच नसावं.

"निखिल, खड़ा हो जा भाई."

हॉस्टेलात निखिल दोन होते. दोघंही उभे राहिले आणि एकमेकांकडे बघायला लागले. "मैं तो कभी बीमार ही नहीं पड़ा," एक म्हणाला. दुसऱ्याने मान हलवली, तोही नाही. हशा झाला, आणि मग हशा थांबून कुजबुज सुरू झाली. ओंकार ट्रॉफी पोटाशी धरून उभा होता. आता हा स्टेजवरून उतरून थेट स्टेशन गाठणार, हे मला कढईपासून दिसलं.

"निखिल मेरा भतीजा है जी," मी ओरडलो.

सगळ्यांच्या माना वळल्या. एकदा तोंड उघडल्यावर मी थांबणारा नव्हे. म्हटलं, माझा पुतण्या, आईबाप नाहीत, उपचारासाठी माझ्या घरी राहतो. मेसचं अन्न बाहेर द्यायची मला परवानगी नाही, म्हणून हा पोरगा स्वतःच्या कार्डावर थाळी घेऊन रोज माझ्या घरी पोचवतो. आवाज मला हवा तिथे फाटला. मागे नेगी डोळे पुसत होता. धूर होता असं तो नंतर म्हणाला. टाळ्या अशा पडल्या की सुखना तलावावरचे पक्षी उडाले असतील.

आणि जमलं हो. दुसऱ्या दिवसापासून ओंकारचं टेबल भरलं. निखिल कसा आहे, काय खातो, विचारायला पोरं बसायची, आणि ओंकार सांगायचा. निखिलचे विनोद, निखिलने केलेल्या नकला. पोरं टेबलावर हात आपटून हसायची. एकाने तर त्याला राहिलेला विषय शिकवायला घेतला. निखिलला आता घरचंच जेवण चालतं असं मी सांगून टाकलं आणि ओंकारची मरीज थाळी बंद झाली. मी काउंटरमागे असा फुगून उभा राहायचो की नेगी म्हणायचा, "साहब, साइड दो, निकलना है."

पण ही पोरं कुठलीही गोष्ट अर्धी सोडत नाहीत. त्यांनी निखिलसाठी रक्तदात्यांची साखळी तयार केली. एकजण त्याच्या काविळीवर कुठल्याशा प्रोफेसरला गाठून आला. शेवटी अनन्या म्हणाली, "अंकल जी, संडे को हम सब केक लेकर आपके घर आ रहे हैं. निखिल को सरप्राइज़ देंगे."

मी ओंकारला बाजूला घेतलं. "घाबरू नकोस. आज रात्री निखिल बरा होतो आणि उद्या तासगावला जातो. विषय संपला."

"मग माझ्याजवळ कोण बसेल काका?"

"आत्ता बसतात ती."

"ती निखिलला विचारायला बसतात." ताटातला भात तो चमच्याने एका बाजूला सारत होता. "त्यांना खरं सांगून बघतो. बसली तर बसली."

मी नको म्हणालो. हवं तर निखिलचं लग्न लावू, परदेशी पाठवू, काहीही करू म्हणालो. त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, भरलेल्या टेबलावर त्याने सांगितलं. मी काउंटरवरून बघत होतो. शब्द ऐकू आले नाहीत, पण एकेक चमचा खाली जाताना दिसला.

कोणी रागावलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. अनन्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि थँक्यू म्हणाली, आपल्याशी शेअर केल्याबद्दल. हॉस्पिटलच्या काउंटरवर बोलतात तशा मऊ आवाजात. सगळ्यांनी ताटं संपवली. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याची समुपदेशकांकडे वेळही ठरवली होती. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला लांबूनच हात करायचे, हसायचे आणि दुसऱ्या टेबलावर बसायचे. त्याच्याशी काय बोलावं हे कोणाला कळत नव्हतं. पुढे काही दिवसांनी रांगेतून आवाज आला, "ओए निखिल, चम्मच पकड़ा यार." हसले सगळे. त्या हसण्यात विषही नव्हतं. पण मग्गू गेलं आणि हे नाव चिकटलं, आणि स्वतःच्या नावाने त्याला हाक मारणारा त्या इमारतीत मी आणि नेगी सोडून कोणी उरला नाही.

परीक्षेआधीच त्याने कार्ड परत केलं. बॅग पाठीला लावून काउंटरवर आला. "काका, तुम्ही त्या दिवशी जिलेबीजवळून बोललात ना, क्षणभर मलापण वाटलं की आहे तो."

"मलाही वाटलं," मी म्हणालो. नेगीने पराठे बांधून दिले.

वेगळं काय करता आलं असतं, हे मी पुष्कळ घोळवलं. थाळी द्यायला नको होती? मग तो उपाशी राहिला असता. त्या दिवशी कढईजवळ गप्प बसायला हवं होतं? मग तो तिथेच संपला असता. मला इतक्या गोष्टी रचता येतात, पण या गोष्टीला दुसरा शेवट काही केल्या जोडता येत नाही.

मध्यंतरी मी सेक्टर चौतीसला एका ऑफिसात काही कामासाठी गेलो होतो. समोरच्या कोचिंग क्लासच्या बोर्डवर ओंकारचा फोटो. टाय लावलेला, खाली संस्थेचं नाव ठळक अक्षरांत. तिथून शिकून बाहेर पडला की मध्येच सोडून आला, ते लिहिलेलं नव्हतं. मी जिना चढून वर गेलो.

तो मुलांच्या शंका सोडवत बसला होता. मला बघून उठला, पाया पडला. अंगाने भरला होता. "घरी नाही गेलास?"

"बाबांनी दुकानातसुद्धा फोटो लावलाय काका. कसा जाऊ? मुलगा चंदीगडला आहे म्हणतात. खोटं नाही ते."

"आणि जेवायला?"

"डबा येतो रूमवर."

सोबत कोण असतं हे मी विचारलं नाही. तेवढ्यात एक मुलगी दप्तर आवरून पुढे आली. आपल्याच मंडळातल्या घरातली, अकरावीतली. नाव सांगत नाही, तिच्या आईवडिलांनी हे वाचलं तर वाचलं. "सर, आज फ्रेंड का बर्थडे है. सब जा रहे हैं. मैं जल्दी निकल जाऊँ?"

ओंकारने तिच्या वहीकडे बघितलं, मग तिच्याकडे. मी तिथेच बसलोय हे त्याला माहीत होतं.

"आत्ता अभ्यास कर," तो मराठीत म्हणाला. "एकदा तिथे नंबर लागला ना, मित्र तिथे खूप मिळतात."

मी उभा जन्म थापा मारण्यात घालवलाय. चांगली थाप कशी असते हे मला कळतं. ही सांगताना त्याचा आवाज कुठेही हलला नाही.

"पक्का, सर?"

"पक्का."

मुलीने मैत्रिणीला फोनवर काहीतरी कळवलं, फोन उलटा ठेवला आणि दप्तर पुन्हा उघडलं.